क्लाउडवरचं वेब ॲप, डेटाबेस आणि सिक्रेट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतात, नाहीतर वडिलांच्या किंवा मामांच्या धंद्याचा हिशोब ऑनलाइन करून द्यायचं कबूल करून बसलेले असतात. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्याची कापणीची वही. तुमचं ॲप जिनिंगचं, मिरचीचं किंवा क्लासच्या फीचं असेल तर नावं बदलून वाचा. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जे दुसरीकडे सविस्तर आलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “ॲप क्लाउडवर टाकलं” म्हणजे नेमकं काय कुठे टाकलं?

तीन गोष्टी, तीन ठिकाणी. पहिला कोड. तो गिटहबसारख्या ठिकाणी राहतो आणि तिथून होस्टिंगवाल्याच्या (ॲप इंटरनेटवर चालवून देणाऱ्या कंपनीच्या) मशीनवर चढतो. दुसरा डेटा, म्हणजे शेतकरी, कापण्या, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या). तो डेटाबेसमध्ये राहतो आणि डेटाबेस शक्यतो वेगळ्या मशीनवर असतो. तिसरी सिक्रेट्स: डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस कंपनीची एपीआय की (ॲपने त्यांची सेवा वापरताना दाखवायची किल्ली), पेमेंट गेटवेची की, लॉगिनवर सही करणारी की. ही होस्टिंगच्या सेटिंगमध्ये राहतात. या पानावरचे निम्मे प्रश्न तिसरी गोष्ट पहिलीत मिसळल्यामुळे आलेले आहेत.

एचटीटीपीएसची (ब्राउझर आणि ॲपमधल्या कुलूपबंद जोडणीची) काळजी करू नका. बहुतेक होस्टिंगवाले लेट्स एन्क्रिप्टसारखं फुकट प्रमाणपत्र आपोआप लावून देतात. त्याचे कोणी वेगळे पैसे मागत असेल तर आधी कारण विचारा.

२. डेटाबेस कशाला? गूगल शीटवर भागत नाही का?

लिहिणारा एकच असेल आणि बघणाराही तोच असेल, तर भागतं. अशांना मी ॲप बनवू नका असंच सांगतो. अडतं ते दोन-तीन ठिकाणी. दोन मुकादम दोन बागांतून एकाच वेळी नोंद करतात आणि एकाची दुसऱ्यावर बसते. वजनाच्या रकान्यात कोणीतरी “१२ क्विं.” असं लिहितो आणि बेरीज गप्प बसते. आणि शेतकऱ्याला फक्त त्याचीच पट्टी दिसावी, शेजाऱ्याची दिसू नये, हे शीटमध्ये जमवायला गेलं की डोकं धरायची वेळ येते. ही गरज खरी असेल तर डेटाबेस घ्या.

३. कोणता डेटाबेस घ्यायचा: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की मोंगो?

हिशोबाचं काम असेल तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. दोघांपैकी जे कॉलेजात शिकवलं असेल ते. माझा कल पोस्टग्रेसकडे आहे. मोंगो वाईट नाही, पण शेतकरी-कापणी-पट्टी असं एकमेकांत गुंतलेलं खातं मोंगोत ठेवलं की जी शिस्त डेटाबेस फुकट लावून देतो ती तुम्हाला कोडमध्ये हाताने लावावी लागते.

४. टेबलं कशी आखायची? पहिल्याच पायरीवर अडलोय.

कागदावर आज जी वही आहे तिचं एक पान समोर ठेवा. स्क्रीनवर काय दिसेल याचा विचार नंतर.

कापणीच्या एका ओळीत हे येतं: शेतकऱ्याचा क्रमांक, भावाचा वर्ग (नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी), घडांची संख्या, काट्यावरचं निव्वळ वजन, ठरलेला भाव, गाडी नंबर, नोंद कोणी केली आणि केव्हा केली. वर्ग टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर महिन्याभरात “कांदेबाग”ची पाच स्पेलिंगं जमा होतात आणि रिपोर्टात पाच वेगवेगळे वर्ग उभे राहतात.

भाव कापणीच्याच ओळीत साठवा. भावाचं स्वतंत्र टेबल करून पट्टी काढताना तिथून आजचा भाव उचलला, तर भाव बदलल्यावर मागच्या सगळ्या पट्ट्या बदललेल्या दिसतील. असं एकदा झालं की शेतकऱ्याचा ॲपवरचा विश्वास उडतो, आणि तो परत येत नाही.

पैसे आणि वजन फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की नेमके ०.३ होत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक आहे, मायएसक्यूएलमध्ये डेसिमल आहे, ते वापरा. मोबाइल नंबर हा आकडा नाही, मजकूर आहे; त्याची कोणी बेरीज करत नाही. शेतकऱ्याचं नाव ओळख म्हणून वापरू नका. एका गावात त्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोघे निघतात. आणि पट्टी झालेली नोंद डिलीट करायची सोय ठेवूच नका. “रद्द” असा शिक्का, रद्द करणाऱ्याचं नाव आणि नवी नोंद. मुनीमजी वहीत पान फाडत नाहीत, काट मारून शेजारी लिहितात. तेच इथे करायचं आहे.

५. सर्व्हर कोणत्या शहरातला निवडू?

मुंबई. ॲमेझॉनचं मुंबई रीजन (त्या भागातला सर्व्हरांचा समूह) २०१६पासून आहे, गूगलचं २०१७पासून. मायक्रोसॉफ्टचं “सेंट्रल इंडिया” म्हणजे पुणे. तुमच्या होस्टिंगवाल्याकडे मुंबई नसेल तर सिंगापूर बघा.

पण शहरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ॲप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये असणं. ॲप अमेरिकेत आणि डेटाबेस मुंबईत ठेवला तर प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका पानासाठी एकामागून एक वीस क्वेरी जात असतील तर चार सेकंद नुसते समुद्राखालच्या केबलमध्ये गेले. “जळगावात नेट स्लो आहे” असं म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे निघतं.

६. सगळं फुकटात होतं का?

प्रोजेक्टच्या डेमोसाठी होतं. चालत्या धंद्यासाठी नाही. हेरोकू या होस्टिंगवाल्याचे फुकट प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ला बंद झाले आणि तोवर कॉलेजचे असंख्य प्रोजेक्ट तिथेच होते. आज जे फुकट आहेत त्यांच्याही अटी असतात. रेंडरवरचं फुकट ॲप पंधरा मिनिटं कोणी आलं नाही की झोपतं. सुपाबेसचा फुकट डेटाबेस आठवडाभर वापर नसेल तर थांबवला जातो. हंगाम संपल्यावर दोन महिने व्यापाऱ्याने ॲप उघडलंच नाही, तर पुढच्या हंगामात काय वाढून ठेवलंय ते आधीच वाचून ठेवा.

मालकाकडून पैसे घेत असाल तर कमीत कमी डेटाबेस तरी पैसे भरून घ्या. कोड कुठेही हलवता येतो. आणि पहिल्या दिवशी बिलाची मर्यादा ओलांडली की मेल येईल असा अलर्ट लावा. कार्डावरच्या ऑटो-पेमेंटला १५,००० रुपयांच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो, पण त्यावर विसंबू नका. तो पैसे कापणं अडवतो, वापर अडवत नाही.

७. भो, मनं ॲप सकायले इतलं हायू का बरं उघडस?

रात्रभर कोणी आलं नाही म्हणून ते झोपलं (प्रश्न ६). सकाळचा पहिला माणूस त्याला उठवतो आणि तेवढा वेळ कोरं पान बघत बसतो. दर दहा मिनिटांनी कोणीतरी टिचकी मारत राहील अशी सोय लावतात बरेच जण. त्यात फुकटचे तास संपू शकतात आणि महिन्याच्या शेवटी ॲप खरंच बंद पडू शकतं. सर्वात स्वस्त पगारी प्लॅन घेतला की हा प्रश्नच उरत नाही. दिवसभर हळू असेल तर प्रश्न ५ आणि १७ बघा.

८. गिटहबवरचा रेपो (कोडचं कपाट) प्रायव्हेट आहे. मग डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहिला तर काय बिघडलं?

उबरचं २०१६ सालचं प्रकरण याच वाक्यापासून सुरू होतं. हल्लेखोर त्यांच्या इंजिनिअरांच्या प्रायव्हेट गिटहब रेपोत शिरले, तिथे ॲमेझॉनच्या क्लाउडची क्रेडेन्शियल्स (आत शिरायच्या किल्ल्या) सापडली आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. रेपो प्रायव्हेट होता.

तुमच्या पातळीवर धोका वेगळ्या वाटेने येतो. प्रोजेक्ट पार्टनरला रेपो दिला, त्याने फोर्क केला, म्हणजे स्वतःची प्रत काढली. कोडची झिप व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. नोकरीच्या मुलाखतीसाठी रेपो पब्लिक केला आणि आत पासवर्ड आहे हे विसरलात. पण मला सर्वात मोठी अडचण वाटते ती ही, की कोडमध्ये लिहिलेला पासवर्ड बदलायला कोड बदलावा लागतो, पुन्हा चढवावा लागतो, म्हणून कोणी तो बदलतच नाही. गावभर झालेला पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच राहतो. सिक्रेट लपवून ठेवण्याइतकंच ते पाच मिनिटांत बदलता येणं महत्त्वाचं आहे. पुढची उत्तरं त्याच हिशोबाने लिहिली आहेत.

९. मग सिक्रेट्स ठेवायची कुठे?

तुमच्या लॅपटॉपवर “डॉट एन्व्ह” नावाच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल गिट-इग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवलेली. पहिल्या कमिटच्या (कोडमधले बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी नोंदवा. एकदा ट्रॅक झालेली फाइल नंतर इग्नोरमध्ये घातली तरी गिट तिला सोडत नाही. सोबत्यांसाठी शेजारी एक नमुना फाइल ठेवा, तिच्यात फक्त नावं, किमती (व्हॅल्यू) रिकाम्या.

चालत्या ॲपसाठी तीच नावं आणि खऱ्या किमती होस्टिंगच्या डॅशबोर्डवर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या पानावर. लॅपटॉपचा डेटाबेस वेगळा, चालत्या ॲपचा वेगळा. दोन्हीकडे एकच पासवर्ड असेल तर एके दिवशी टेस्टिंगची नोंद खऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत जाईल.

दोन सवयी लावून घ्या. ॲप सुरू होतानाच सगळी व्हेरिएबल्स आहेत का ते तपासा आणि एखादं नसेल तर ॲप चालूच होऊ देऊ नका. पहिल्या ग्राहकाला एरर दिसण्यापेक्षा ते बरं. आणि अडलं म्हणून सगळी व्हेरिएबल्स लॉगमध्ये छापू नका. लॉग बघणारे डेटाबेस बघणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त असतात.

सिक्रेट मॅनेजर घ्यावा का, असंही विचारतात. एका ॲपला गरज नाही. ॲप ॲमेझॉनच्या मशीनवरच असेल तर मात्र तिथल्या इतर सेवांसाठी की बनवण्याऐवजी मशीनला रोल (अधिकारांचा संच) द्या. जी की बनलीच नाही ती फुटतही नाही.

१०. चुकून सिक्रेट गिटहबवर गेलं. लगेच कमिट डिलीट केलं. आता सुरक्षित ना?

नाही. पब्लिक रेपोवर नजर ठेवून असलेले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) माणसाआधी पोहोचतात, आणि पुढच्या कमिटमध्ये ओळ खोडली तरी मागच्या इतिहासात ती असतेच. क्रम असा ठेवा.

सर्वात आधी ते सिक्रेट मारा, म्हणजे ज्याने ते दिलं त्याच्या डॅशबोर्डवर जाऊन रद्द करा, नवं काढा, होस्टिंगमध्ये घाला. ॲप दहा मिनिटं बंद राहिलं तरी चालेल. मग त्या सिक्रेटने काही उद्योग झालेत का ते बघा: क्लाउड अकाउंटवर तुम्ही न लावलेली मशीन्स, तीही सगळ्या रीजनमध्ये, कारण लुटणारा मुंबईत मशीन लावत नाही, जिथे तुम्ही कधी बघत नाही तिथे लावतो. नवे युजर बनलेत का. एसएमएसची शिल्लक एकदम घसरली का. डेटाबेसमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिन आहेत का. इतिहास साफ करायचं काम (गिट फिल्टर-रेपोने होतं) शेवटी, आणि खरं सांगायचं तर मेलेलं सिक्रेट इतिहासात पडून राहिलं तरी बिघडत नाही.

बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. इतिहास साफ करण्यात संध्याकाळ घालवतात आणि सिक्रेट तेच ठेवतात. २०२४च्या फेब्रुवारीअखेरपासून गिटहब पब्लिक रेपोवर ओळखीच्या नमुन्याची सिक्रेट्स पुश होतानाच (कोड तिथे चढतानाच) अडवतं, पण तुम्ही स्वतः ठरवलेला डेटाबेसचा पासवर्ड कोणत्याच नमुन्यात बसत नाही. त्याला तुम्हीच राखणदार.

११. सिक्रेट बदलताना ॲप बंद पडू नये म्हणून काय करायचं?

डेटाबेसमध्ये ॲपसाठी दोन युजर ठेवा, दोघांना सारखेच अधिकार. आज ॲप पहिल्याने जोडलं आहे. दुसऱ्याला नवा पासवर्ड द्या, होस्टिंगवर दुसऱ्याची माहिती घाला, ॲप रीस्टार्ट करा, एक नोंद करून बघा, मग पहिल्याचा पासवर्ड बदलून टाका. पुढच्या वेळी उलट. टेबलांची मालकी या दोघांपैकी कोणाकडेच नको. ती तिसऱ्या, फक्त टेबलं बदलताना वापरायच्या युजरकडे. एपीआय कीजच्या बाबतीत बऱ्याच सेवा एका वेळी दोन की चालू ठेवू देतात, तिथेही हीच पद्धत.

दोन अपवाद आहेत आणि दोन्ही त्रास देतात. लॉगिन सेशनवर सही करणारी की बदलली की सगळेजण लॉगआउट होतात. ते चालेल, पण गाड्या भरायच्या वेळी करू नका. दुसरा जास्त गंभीर: ज्या कीने डेटा एन्क्रिप्ट करून ठेवला आहे (समजा शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक) ती बदलून जुनी फेकून दिली, तर तो डेटा कायमचा गेला. तिथे जुनी की वाचण्यापुरती ठेवायची, सगळ्या ओळी नव्या कीने पुन्हा लिहायच्या, एक-एक तपासायची, मगच जुनी सोडायची.

१२. ब्राउझरमध्ये फायरबेसची की उघड दिसते. हॅक होईल का?

फायरबेस म्हणजे गूगलची तयार डेटाबेस सेवा. तिच्या वेब कॉन्फिगमधली एपीआय की म्हणजे प्रोजेक्टचा पत्ता आहे, ती उघड असायचीच. सुपाबेसची “ॲनॉन” कीसुद्धा तशीच. पण या दोन्ही ठिकाणी कोण काय वाचू शकतो हे नियम ठरवतात, फायरबेसमध्ये सिक्युरिटी रूल्स आणि सुपाबेसमध्ये रो लेव्हल सिक्युरिटी. ते नियम उघडे सोडले तर कोणीही तुमची अख्खी वही वाचेल. मॅप्सची की उघड असते, पण ती तुमच्याच डोमेनवरून चालेल असं बंधन घालावं लागतं.

सुपाबेसची “सर्व्हिस रोल” की, पेमेंट गेटवेची सिक्रेट, डेटाबेसचा पासवर्ड यांपैकी काहीही फ्रंटएंडमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागात) गेलं तर प्रश्न १० लागू. आणि “मी तर एन्व्हमध्ये ठेवलं होतं” हे कारण चालत नाही. व्हीट आणि नेक्स्ट ही फ्रंटएंड बांधायची साधनं. व्हीटमध्ये “व्हीट” आणि नेक्स्टमध्ये “नेक्स्ट पब्लिक” असा उपसर्ग लावलेलं प्रत्येक व्हेरिएबल बिल्ड होताना थेट ब्राउझरच्या फाइलमध्ये चिकटवलं जातं. व्हेरिएबल दिसत नाही म्हणून गडबडीत उपसर्ग लावणं ही ज्यांना सवय आहे, त्यांनी आजच एकदा सगळे उपसर्ग तपासावेत.

१३. घरून डेटाबेसला जोडता येईना, म्हणून फायरवॉलमध्ये ०.०.०.०/० टाकलं. चालेल का?

चाललं म्हणजे बरोबर झालं असं नाही. चार शून्यांचा अर्थ जगातलं कोणीही. पोस्टग्रेसचं ५४३२, मायएसक्यूएलचं ३३०६ आणि मोंगोचं २७०१७ ही पोर्टं कोणी ना कोणी सतत ठोठावत असतं. डेटाबेस शक्यतो ॲपच्या खासगी नेटवर्कमध्ये ठेवा. तुमच्या घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो म्हणून पत्ता नोंदवून भागत नाही हे खरं. त्यावर उपाय एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद वाट), किंवा होस्टिंगवाल्याच्या डॅशबोर्डवरचीच क्वेरी खिडकी. काही फुकट होस्टिंगवर पत्ता ठरलेला नसतो आणि चार शून्यं द्यावीच लागतात. मग निदान एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) सक्तीचं करा, पासवर्ड लांब आणि मशीनने बनवलेला ठेवा, आणि ॲपच्या युजरला टेबल पाडायचा (कायमचं पुसायचा) अधिकार देऊ नका.

१४. पासवर्ड बरोबर आहे, कॉपी-पेस्ट केलाय, तरी जोडणी होत नाही.

पासवर्डात @, #, / किंवा : आहे का? जोडणीच्या पत्त्यात @च्या आधी युजर-पासवर्ड आणि नंतर सर्व्हर असं वाचलं जातं. पासवर्डातच @ आला की सर्व्हरचं नाव तिथूनच सुरू होतं असं वाटून गोंधळ होतो. अशी चिन्हं एन्कोड करावी लागतात. सोपा मार्ग म्हणजे फक्त अक्षरं आणि आकडे असलेला, पण चांगला लांबलचक पासवर्ड बनवून घ्या. तसा नसेल तर शेवटी चुकून आलेली स्पेस बघा.

१५. वापरणाऱ्यांचे पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवले आहेत. पुरेसं आहे?

एन्क्रिप्ट केलेलं परत उघडता येतं, म्हणून पासवर्डाला ते नको. हॅश हवा. तुरीची डाळ मिलमध्ये होते, डाळीची पुन्हा तूर होत नाही. हॅश तसा एकाच दिशेने चालतो. लॉगिनच्या वेळी आलेला पासवर्ड पुन्हा भरडायचा आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. एमडी५ किंवा नुसता शा-२५६ वापरू नका, ते फार वेगवान आहेत आणि इथे वेग चोराच्या कामी येतो. अर्गॉन२-आयडी घ्या, नाहीतर बीक्रिप्ट.

बीक्रिप्टची मराठीपुरती एक गोम आहे. तो पहिले ७२ बाइटच बघतो. इंग्रजी अक्षर एक बाइटचं, देवनागरी तीन बाइटचं, आणि मात्रा, अनुस्वार, हलंत हे वेगळे मोजले जातात. म्हणजे २४ चिन्हांपुढचं सगळं बऱ्याच लायब्रऱ्या गुपचूप सोडून देतात. कोणी मराठीत लांब वाक्याचा पासवर्ड ठेवला तर त्याचा शेवट काहीही टाइप केला तरी दार उघडेल. अर्गॉन२मध्ये ही अडचण नाही.

पासवर्ड नकोच, ओटीपी ठेवतो, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: भारतात ॲपवरून एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत व्यवसायाची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या टेम्प्लेटची नोंदणी लागते. तिथे व्यवसायाची कागदपत्रं लागतात, विद्यार्थ्याचं ओळखपत्र चालत नाही. मालकाला आधीच कामाला लावा, नाहीतर ॲप तयार आणि ओटीपी अडकलेला अशी गत होते.

१६. पहाटे केलेली कापणी आदल्या दिवशीच्या तारखेला दिसते. असं का?

सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तिथे अजून कालचाच दिवस असतो. दुकानाच्या ॲपला हे कधी जाणवत नाही, कारण त्या वेळी दुकान बंद असतं. केळीवाल्याची उन्हाळ्यातली कापणी मात्र उजाडायच्या आत सुरू होते, आणि बरोबर त्याच नोंदी चुकतात.

सर्व्हरचं घड्याळ बदलू नका. वेळ टाइमझोनसह साठवा (पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्प-टीझेड), दाखवताना आणि दिवसाची बेरीज करताना “एशिया/कोलकाता”त बदला. बेरीज करताना हे विसरलं जातं, स्क्रीनवर तारीख बरोबर आणि रिपोर्टात चूक असेल तर तिथेच बघा. कापणीची तारीख वेगळ्या रकान्यात, नुसती तारीख म्हणून ठेवणं आणखी बरं. नोंद उशिरा केली तरी ती हलत नाही.

१७. “टू मेनी कनेक्शन्स” अशी एरर येते. वापरणारे तर मोजके आहेत.

पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आहे, फुकट प्लॅनवर बऱ्याचदा त्याहून कमी मिळतात. तुमचा कोड प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडतो आणि बंद करत नाही, हे नेहमीचं कारण. ॲप सुरू होताना एकच पूल (उघड्या जोडण्यांचा साठा) बनवा आणि सगळीकडे तोच वापरा. सर्व्हरलेस फंक्शन (विनंती आली की तेवढ्यापुरता चालणारा कोड) वापरत असाल तर प्रत्येक फंक्शन आपापला पूल उघडतं. तिथे मधे पीजी-बाउन्सरसारखा पूलर लागतो, आणि बहुतेक डेटाबेसवाले त्यासाठी वेगळा पत्ता देतात. तो वापरा.

१८. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि कधीकधी नाव असूनही शोधात सापडत नाही.

प्रश्नचिन्हं आली तर बहुधा टेबल जुन्या लॅटिन-१ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे. मायएसक्यूएल ८पासून यूटीएफ८-एमबी४ हे मूळचंच आहे, त्याआधीच्या टेबलांना ते सांगावं लागतं. नुसतं “यूटीएफ८” ठेवलं तर देवनागरी नीट दिसते पण कोणी इमोजी टाकला की अडतं. जी नावं आधीच प्रश्नचिन्हं झाली ती परत येणार नाहीत, कागदावरून पुन्हा भरा.

दुसरी अडचण जास्त मजेदार. “गोऱ्हे” हे नाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: नुक्त्याच्या ऱने, किंवा साध्या रला हलंत देऊन मधे न दिसणारा जॉइनर घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच, डेटाबेसला दोन वेगळी नावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी जॉइनरवालं रूप तसंच राहतं. म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे स्वतःच एका रूपात बदलून घ्या, आणि शोधाची मुख्य सोय मोबाइल नंबरवर ठेवा.

१९. बागेत रेंज जाते-येते. एकच नोंद दोनदा पडते.

मुकादमाने बटण दाबलं, नोंद सर्व्हरवर झाली, पण “झाली” हा निरोप परत येईपर्यंत रेंज गेली. त्याने पुन्हा दाबलं. चूक त्याची नाही. फॉर्म उघडतानाच फोनवर एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा क्रमांक) बनवा, तो नोंदीसोबत पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्याला युनिक बंधन घाला. दुसऱ्यांदा तीच नोंद आली की सर्व्हरने एरर न देता “झालेली आहे” एवढंच सांगायचं. नुसतं बटण निष्क्रिय करून भागत नाही; पान रीफ्रेश केलं की ते पुन्हा जिवंत होतं.

२०. होस्टिंगवाला रोज बॅकअप घेतो. मी वेगळा घ्यायची गरज आहे?

आहे, आणि तो परत चढवून बघायचीही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या गिटहबसारख्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चालता डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण ऐनवेळी बहुतेक निकामी निघाल्या. रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसची प्रत फाइलमध्ये काढणारा आदेश) तर आवृत्ती जुळत नसल्याने कधीपासून गुपचूप फेल होत होता. सुमारे सहा तास आधीची एक प्रत हाताशी होती म्हणून वाचले.

तुमच्यासाठी एवढं पुरे: रोज रात्री पीजी-डंप, तो दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपवर रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून कालच्या कापण्यांची बेरीज जुळते का पाहणं. बॅकअपच्या फाइलवर पासवर्ड हवा. डेटाबेसला कुलूप आणि डंप उघड्या ड्राइव्ह लिंकवर, हे चित्र फार ठिकाणी दिसतं.

२१. कायद्याचं काही लागू होतं का? आमचं तर छोटं ॲप आहे.

नाव आणि मोबाइल नंबर घेतला की तो वैयक्तिक डेटा झाला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात.

यातून निघणारा व्यवहारी सल्ला एकच: जे लागत नाही ते विचारू नका. कापणीच्या वहीला आधार क्रमांक कशाला हवा? “सगळेच घेतात” म्हणून रकाना ठेवलेला असतो. काढून टाका.

२२. मला पुण्यात नोकरी लागली. ॲप तर चालू आहे. आता?

हा प्रश्न दर जून-जुलैला येतो. आधी अकाउंट्स बघा. डोमेन, होस्टिंग, डेटाबेस, एसएमएस यांपैकी काय काय तुमच्या खासगी जीमेलवर आणि तुमच्या वडिलांच्या कार्डावर आहे? ते सगळं मालकाच्या नावाने, धंद्याच्या मेलवर हलवा. मालकाचा फोन ओटीपीसाठी आणि दुहेरी पडताळणीचे रिकव्हरी कोड छापून त्यांच्या तिजोरीत. हो, कागदावर. मालकांना पासवर्ड मॅनेजर शिकवत बसायची ही वेळ नाही.

मग प्रत्येक सिक्रेट बदला, प्रश्न ११च्या पद्धतीने. मालकांचा तुमच्यावर विश्वास आहे हे ठीकच, पण उद्या काही गडबड झाली तर जुना पासवर्ड तुमच्याकडे नसणं तुमच्याच सोयीचं. तुमचा लॉगिन काढू नका, अधिकार कमी करा, म्हणजे अडलं तर फोनवरून लॉग बघता येतील. एक पान मराठीत लिहून द्या: ॲप बंद पडलं तर कुठे बघायचं, बिल कोणत्या तारखेला कापतं, बॅकअप कुठे आहे, तो कसा चढवायचा. ते पान गावातल्या दुसऱ्या कोणा पोराच्या हातात देऊन, तुम्ही शेजारी न बोलता बसलेले असताना, त्याला बॅकअप चढवून दाखवायला सांगा. जिथे तो अडेल ती ओळ पुन्हा लिहा, आणि मगच गाडीचं तिकीट काढा.